काकू, तुमचे आभार मानायचे राहिलेत

आदरणीय काकू,

जयभीम, आणि आमच्याकडचा सलाम.

आईच्या आठवणीच्या उपासनेत पाळकसाहेबांचे आभार मानून झाले, महिला मंडळाचे झाले, गाणाऱ्या मुलांचे झाले. तुमचं नाव आलं तेव्हा तुम्ही मागच्या बाकावरून हातानंच ‘नको नको’ केलंत. चर्चमध्ये मी ऐकलं. पण लिहिताना मला कोण अडवणार? म्हणून हे पत्र असं उघड, चार लोकांनी वाचावं असं लिहितेय.

आईला काचबिंदू होता हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. या दुखण्यात कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली परत येत नाही. उरलेली टिकवायची, एवढंच हाती असतं. आई स्वतः नर्स, त्यामुळे तिनं हे रडत-भेकत नाही, फाइलमधल्या नोंदीसारखं स्वीकारलं. पण शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता येईना, ते मात्र तिला सोसवेना. एक ओळ संपली की पुढची सापडायची नाही. बोट ठेवून वाचायची, बोटही भलत्याच ओळीवर जायचं. मी पुण्यात, भाऊ रायपूरला. आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रित शास्त्र लावून दिलं होतं. तिनं दोन संध्याकाळी ऐकलं आणि बंद केलं. म्हणे, “त्या माणसाले काही विचारता येत नाही.”

मग तुम्ही एकदा कढीपत्ता द्यायला आलात, तिची ती शोधाशोध पाहिलीत आणि म्हणालात, “आणा इकडे. कुठवर आलत्या?”

एवढंच. कोणी विनंती केली नव्हती, कोणी सुचवलंही नव्हतं. त्यानंतर तुमची संध्याकाळची वंदना झाली की तुम्ही येत राहिलात. भिंतीपलीकडून वंदना ऐकू यायची. ती संपेपर्यंत आई टीव्ही लावू द्यायची नाही, सुटीत आलेल्या नातवंडांनाही नाही.

जन्मभर वर्गात मराठी शिकवलेल्या बाईच्या आवाजात शास्त्र ऐकणं म्हणजे काय, ते मी गेल्या नाताळात ऐकलं. स्वल्पविरामाला थांबणारा माणूस आता कुठे भेटतो! आमच्या मंडळीत वाचन करणाऱ्यांनी तुमच्याकडे शिकवणी लावावी, असं मी बोलूनही दाखवलं. कोणाला फारसं आवडलं नाही.

शास्त्रातल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचे सुरुवातीचे नऊ अध्याय म्हणजे नुसती वंशावळ. याला हा झाला, त्याला तो झाला. तिथं तुम्ही विचारलंत की हे गाळायचं का. आई म्हणाली, “काहून गाळता? ठेवलंच असन ना कोन्या मायनं हे नाव.” मग तुम्ही ती सगळी नावं वाचलीत, अडखळत, पण एकही न सोडता. यशया संदेष्ट्याच्या मुलाचं ‘महेर-शालाल-हाश-बज’ हे नाव आलं तेव्हा मात्र तुम्ही पुस्तक मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, “या पोराची हजेरी घ्यायची म्हणजे पहिला तास संपलाच!” आई हसून हसून खोकत होती. हे तिनं मला फोनवर सांगितलं, मग भावाला सांगितलं, मग पाळकसाहेबांना.

थेंबांचं वेगळंच. दोन बाटल्या, दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर, थेंब पडला की डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. आईनं तुम्हाला हे शिकवताना नव्या पोरींना वॉर्डात शिकवायची तस्संच शिकवलं असणार, आणि एक-दोनदा ओरडलीही असणार. तुम्ही शिक्षिका, तिनं तुम्हाला विद्यार्थिनी केलं. तुम्ही वाईट वाटून घेतलं नाहीत.

तुम्हाला ती म्हातारपणी जास्त कळली, म्हणून आधीचं थोडं सांगते. बाबा गेले तेव्हा आम्ही लहान होतो. तिनं बाकीच्या नर्सांच्या रात्रपाळ्या मागून घेतल्या, त्या बदल्यात रविवारची सकाळ मोकळी ठेवली. रात्रभर जागून ती थेट चर्चला यायची, आम्ही शेजाऱ्यांसोबत आधीच बाकावर. उपदेश सुरू झाला की तिचे डोळे मिटायचे. “डोळे मिटून नीट ऐकू येतं,” हे तिचं ठरलेलं उत्तर. उपासना संपली की रविवारशाळा घ्यायला मात्र टक्क जागी. डिसेंबरात कॅरलवाली पोरं रात्री कितीही उशिरा दारात आली तरी चहा आणि चिवडा तयार असायचा, आणि जाताना प्रत्येकाच्या खिशात एक संत्रं. आंबिया बहाराची संत्री तेव्हा घरोघरी असायचीच.

तुमच्या दोघींची एक जुगलबंदी मला फार आवडायची. 29 नोव्हेंबर 1970 ला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ते इथेच, नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. आई तेव्हा तरुण, पाहुण्यांना पाणी देणाऱ्यांत होती. ती हे सांगायला लागली की तुम्ही म्हणायच्या, “आमचं त्याच्याही आधीचं,” आणि 14 ऑक्टोबर 1956 काढायच्या. तुमचे वडील त्या दिवशी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसमोर उभे होते. आई म्हणायची, “ते तुमचे वडील होते. मी सोता होती.” हा वाद दर दसऱ्याला व्हायचा आणि लगेच दोघी मिळून पिशवी भरायच्या: मलम, पट्ट्या, कापूस. दीक्षाभूमीकडे निघालेल्या माणसांच्या पायांचे फोड ती स्टुलावर बसून बांधायची, तुम्ही पाणी द्यायच्या. नजर अधू झाल्यावरही तिनं ते सोडलं नाही. फोड बोटांना कळतो, म्हणायची.

आई गेली त्या मे महिन्यातल्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. आम्ही पोहोचेपर्यंत तुमच्या मुलानं कूलर, पाण्याचे कॅन, खुर्च्या सगळं आणून ठेवलं होतं. त्या उन्हात जरीपटक्याच्या दफनभूमीपर्यंत आलेल्या माणसांना घोटभर गार पाणी मिळालं, ते त्याच्यामुळे. त्यालाही हे वाचून दाखवा. तुम्हीच.

आठवणीच्या उपासनेत एक वाचन तुम्ही करावं, अशी विनंती पाळकसाहेबांनी केली. आम्हाला वाटलं, तेविसावं स्तोत्र घ्याल. तुम्ही रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढलात. आमच्या लोकांनाही तो धड आठवत नाही. सगळी नावंच. ते पत्र लिहिणारा पौल एकेकाला सलाम सांगतो, फीबीनं कशी मदत केली ते सांगतो, आणि रूफाच्या आईबद्दल म्हणतो की ती माझीही आई आहे. त्या ओळीला तुम्ही थांबलात. तिथं छापलेला स्वल्पविराम नव्हता, मी नंतर घरी येऊन पाहिलं.

आईचं ते मोठ्या अक्षरांचं शास्त्र तुमच्याकडेच राहू द्या. भावाचं आणि माझं यावर बोलणं झालंय, परत आणून द्यायला येऊ नका.

आणि एक काम. 2 नोव्हेंबरला आई दफनभूमीत जायची, बाबांच्या कबरीशेजारच्या, ज्यांचं इथं कोणी उरलं नाही अशा कबरी घासून चुना लावायची. यंदा मी येतेय. सकाळी लवकर निघू, ऊन चढायच्या आत. चुना मी घेते, ब्रश तुमच्या गॅलरीत आहेत. तुमचा गुडघा दुखत असेल तर खुर्ची नेऊ, तुम्ही नुसती नावं वाचा.

तुमची,
शेजारची थोरली