आयर्न मेडनचा सर्वांत दुबळा अल्बम : दादास पत्र

लेटन, पूर्व लंडन
६ जुलै २०२५

तीर्थरूप दादास,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र पोहोचले. आबांच्या पेटीचा भाता मिरजेतच नीट करून मिळाला, हे वाचून बरे वाटले. पत्राच्या शेवटी तू जे लिहिले आहेस, त्यावरून मात्र माझ्या डोक्यात गेले काही दिवस सारखे विचार चालू आहेत. 'व्हर्च्युअल इलेव्हन' हाच आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा सर्वांत दुबळा अल्बम असून ब्रूस डिकिन्सन सोडून गेल्यावर त्याच्या जागी ब्लेझ बेलीला गायक म्हणून घेतले तिथेच सगळे बिघडले, हे तुझे मत मी १९९८ पासून ऐकत आलो आहे. त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत तू मुंबईहून, ऱ्हिदम हाउसमधून, ती कॅसेट घेऊन आला होतास. दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर तू ती डबीत घातलीस, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीस आणि "हा आपला बँड नव्हे" एवढेच म्हणालास. मी तेव्हा आठवीत होतो आणि तुझा शब्द माझ्यासाठी शेवटचा होता. आज सत्तावीस वर्षांनी मी तुझ्याशी पहिल्यांदा असहमत होतो आहे, आणि ते फोनवर सांगण्याऐवजी नीट लिहून कळवावे असे वाटले.

गेल्या महिन्याच्या २८ तारखेला मी त्यांचा कार्यक्रम पाहिला. इथून जवळच, स्ट्रॅटफर्डच्या लंडन स्टेडियमवर तो झाला. हे आता वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबचे मैदान आहे, आणि स्टीव्ह हॅरिस लहानपणापासून याच क्लबचा भक्त. १९७५ च्या नाताळात त्याने ज्या परिसरात बँड उभा केला, त्याच परिसरात पन्नास वर्षांचा उत्सव व्हावा, याचे इथल्या जुन्या लोकांना फार अप्रूप होते. या दौऱ्याची घोषणा करतानाच त्यांनी सांगून टाकले होते की, १९८० च्या पहिल्या अल्बमपासून १९९२ च्या 'फिअर ऑफ द डार्क'पर्यंतच्या नऊ अल्बमांमधलीच गाणी वाजवली जातील. म्हणजे ब्लेझच्या काळातले दोन्ही अल्बम नियमानेच बाहेर राहिले. त्यांच्या गैरहजेरीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे तूही मान्य करशील.

घरी येऊन मी वाजवलेल्या सगळ्या गाण्यांची यादी लिहून काढली आणि प्रत्येकापुढे अल्बमचे नाव टाकले. 'पॉवरस्लेव्ह'मधली चार गाणी झाली. 'किलर्स' आणि 'द नंबर ऑफ द बीस्ट'मधली तीन-तीन. पहिल्या अल्बममधली दोन, 'सेव्हन्थ सन'मधली दोन. 'पीस ऑफ माइंड'चे 'द ट्रूपर' झाले, 'समव्हेअर इन टाइम'चे 'वेस्टेड इयर्स' झाले, 'फिअर ऑफ द डार्क'चे त्याच नावाचे गाणे झाले. नऊपैकी आठ अल्बमांना हजेरी मिळाली. एकट्या १९९० च्या 'नो प्रेयर फॉर द डाइंग'मधले एकही गाणे त्या रात्री वाजले नाही. ज्या अल्बमला पन्नासाव्या वर्षी त्याच्या जन्मदात्यांनीच पंगतीला बसवले नाही, तो सर्वांत दुबळा, असे माझे म्हणणे आहे. तू २००८ च्या १ फेब्रुवारीला वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांना ऐकलेस, तेव्हाची यादी आठवून पाहा. तीही ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांची होती, तिला 'फिअर ऑफ द डार्क'चा अपवाद केला गेला. 'नो प्रेयर'साठी तेवढाही अपवाद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मेरीलँड स्टेशनजवळच्या 'कार्ट अँड हॉर्सेस' या पबमध्ये मी हेच मांडले. १९७६ मध्ये हे लोक या पबमध्ये वाजवायचे. 'आयर्न मेडनचे जन्मस्थान' म्हणून लोक आजही तिथे येतात, आणि कार्यक्रमाच्या आधी नि नंतर तर तिथे यात्राच भरते. काळ्या टी-शर्टांच्या त्या गर्दीत माझ्या टेबलावर एक निवृत्त बसचालक होते, एक पोलिश परिचारिका होती आणि तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. परिचारिकेचे मत हुबेहूब तुझ्यासारखे. मुलाला ब्लेझचे दोन्ही अल्बम आवडतात. बसचालकांनी 'नो प्रेयर' निघाला त्याच आठवड्यात विकत घेतला होता. माझे बोलणे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की, त्या वेळी घरी जाऊन सुई टेकवल्याबरोबर आपल्याला आपलाच रेकॉर्ड प्लेअर बिघडला आहे असे वाटले होते.

त्यांच्या या एका वाक्यात त्या अल्बमचे सगळे दुखणे आले. 'समव्हेअर इन टाइम' आणि 'सेव्हन्थ सन' या दोन अल्बमांत बँडने सिंथेसायझर आणले होते, ध्वनी रुंद आणि उंच केला होता. त्यावरून मागे फिरून साधे, रांगडे वाजवायचे, असे १९९० मध्ये ठरले. त्यासाठी एसेक्समधल्या स्टीव्हच्या घरच्या कोठारात मुक्काम टाकला, बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ट्रक, आणून उभा केला आणि अल्बम तिथे वाजवून घेतला. रांगडेपणाला माझी हरकत नाही, पहिला अल्बमही रांगडाच होता. पण पहिल्या अल्बमच्या रांगडेपणात भूक आहे. 'नो प्रेयर'मध्ये गिटारी कोरड्या वाटतात, ड्रमचा आवाज खोलीतच अडकून पडतो, आणि ज्या ब्रूस डिकिन्सनच्या तारसप्तकासाठी आपण जीव टाकायचो, तो इथे ओळीमागून ओळ घसा खरवडून गातो. पुढे ब्रूसनेच या ध्वनिमुद्रणावर सडकून टीका केली आहे. दोनच वर्षांनी त्याच कोठारात नीट स्टुडिओ उभा राहिल्यावर 'फिअर ऑफ द डार्क' झाला आणि तो इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

गिटारवादक एड्रियन स्मिथ याच वेळी बाहेर पडला. मागे वळण्याचा हा बेत त्याला पटला नव्हता, आणि माझ्या मते त्याचेच बरोबर होते. त्याच्या जागी यानिक गेर्स आला. यानिकवर माझा राग नाही, तो मनापासून वाजवतो. पण डेव्ह मरी आणि एड्रियन या जोडगोळीतली ती गुंफण, एकाचा सूर संपण्याआधी दुसऱ्याने हात पुढे करण्याची ती सवय, नव्या माणसाला काही आठवड्यांत कशी यावी? 'हुक्स इन यू' या गाण्याच्या श्रेयात एड्रियनचे नाव अजून छापलेले आहे. ते वाचताना घर सोडून गेलेल्या माणसाची चप्पल दाराशी दिसावी तसे मला होते.

तू म्हणशील की, त्यांचे इंग्लंडमधले एकुलते एक पहिल्या क्रमांकाचे गाणे तर याच अल्बममधले आहे. खरे आहे. 'ब्रिंग युअर डॉटर टू द स्लॉटर' १९९१ च्या जानेवारीत पहिले आले. पण ते गाणे बँडचे नव्हतेच. ब्रूसने ते १९८९ मध्ये एका भयपटासाठी एकट्याने केले होते; स्टीव्हने ऐकले, त्याला आवडले आणि त्याने ते बँडसाठी मागून घेतले. शिवाय ते बाजारात आले २४ डिसेंबरला, म्हणजे नाताळची गाणी मावळत असताना, जेव्हा चाहत्यांनी एका आठवड्यात मिळून केलेली खरेदी यादी हलवू शकते. चाहत्यांच्या निष्ठेचा तो विजय होता. ते गाणे नंतर २००३ च्या दौऱ्यात वाजले, आणि त्यानंतर तेही थांबले.

या अल्बममध्ये मला मनापासून आवडते ते शेवटचे 'मदर रशिया'. त्यात जुन्या मेडनची चाल आहे, डोळ्यांपुढे पसरत जाणारा मोठा प्रदेश आहे. पण ते साडेपाच मिनिटांत आटोपते, आणि 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'साठी पावणेचौदा मिनिटे देणाऱ्या माणसांनी इथे इतकी घाई का केली, याची हळहळ वाटत राहते.

आता 'व्हर्च्युअल इलेव्हन'. त्याचे दोष मी लपवत नाही. 'द एंजल अँड द गॅम्बलर' हे जवळजवळ दहा मिनिटांचे गाणे मी काल पुन्हा लावले आणि पालुपदाच्या ओळी जितक्या वेळा येतात तितक्या रेघा कागदावर मारत गेलो. पाच-पाचचे चार गठ्ठे झाले आणि वर रेघा उरल्या. पुनरावृत्तीचे आपल्याला वावडे नाही. दिंडीत 'ज्ञानोबा तुकाराम' तासन्‌तास चालते आणि कुणाला कंटाळा येत नाही, कारण लय चढत जाते, टाळ बदलतो, पखवाज बोल बदलतो. इथे काहीच चढत नाही. संपादनाची कात्री कुणीतरी हातात घ्यायला हवी होती. 'किलर्स'पासून अकरा वर्षे ते काम करणारा मार्टिन बर्च १९९२ नंतर निवृत्त झाला होता, आणि निर्मितीची सूत्रे आता स्टीव्हच्या स्वतःच्या हाती होती. स्वतःचे गाणे स्वतः कापणे फार अवघड असते.

पण यात ब्लेझचा अपराध काय? दादा, इथे मला आबांची आठवण येते. भजनी मंडळात नवा बुवा आला की आबा आधी पट्टी विचारायचे. एकदा एका पाहुण्या बुवांनी संकोचाने आधीच्या गायकाचीच पट्टी चालेल म्हटले, तेव्हा आबांनी भात्यावरचा हात उचलला आणि "तुमचा गळा कुठे बसतो ते सांगा, पेटी तिकडे येईल" असे म्हटले होते. तू तेव्हा शेजारीच टाळ घेऊन बसला होतास. ब्लेझला हे कुणी विचारले नाही. टॅमवर्थच्या 'वुल्फ्सबेन' बँडमधून १९९४ मध्ये आलेल्या या माणसाचा आवाज खर्जाकडे झुकणारा, जाड आणि गडद. त्याला रात्रीमागून रात्री ब्रूसची गाणी ब्रूसच्याच पट्टीत गावी लागली. गळा दुखावला, काही कार्यक्रम रद्द करावे लागले, आणि लोकांनी त्याला नावे ठेवली. १९९५ च्या 'द एक्स फॅक्टर'मध्ये, जिथे चाली त्याच्या गळ्याकडे वळतात, तिथे तो किती खोल जातो, ते ऐक. स्टीव्हचा संसार तेव्हा मोडत होता, आणि एकाहत्तर मिनिटांचा तो सगळा अल्बम त्या काळोखात भिजलेला आहे. त्याला दुबळा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना ब्लेझचे 'साइन ऑफ द क्रॉस' एकट्याने, रात्री ऐकायला सांगतो.

'व्हर्च्युअल इलेव्हन'ला माझ्या लेखी तारते ते 'द क्लॅन्समन'. ऑगस्ट २०१८ मध्ये मी ते ओटू सभागृहात ऐकले. सुरुवातीला एकट्या बेसचे ते हळू, सावध सूर, मग गिटारी, आणि स्कॉटिश माणसाच्या स्वातंत्र्याची हाक ज्या शब्दात आहे तो शब्द आला, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी चष्मा काढून खिशात ठेवला, दोन्ही मुठी वर केल्या आणि साऱ्या सभागृहाबरोबर तो उच्चारला. त्याच रात्री 'साइन ऑफ द क्रॉस'ही झाले. ब्रूस परत आल्यावर त्याने ब्लेझची ही दोन गाणी स्वतःची मानून गायली, २००१ मध्ये रिओच्या त्या अफाट गर्दीपुढे गायली आणि पुन्हा सतरा वर्षांनी गायली. 'नो प्रेयर' ब्रूसने स्वतः गायलेला अल्बम. त्याच्याकडे तो असा परतून गेला नाही.

विक्रीच्या याद्यांचा आधार घेतला तर तू जिंकतोस, हे मला ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये 'नो प्रेयर' दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला, 'एक्स फॅक्टर' आठव्या आणि 'व्हर्च्युअल इलेव्हन' सोळाव्या. पण १९९८ मध्ये या संगीताचेच दिवस फिरलेले होते, आणि १९९० मधला दुसरा क्रमांक 'सेव्हन्थ सन'ने मिळवलेल्या पुण्याईवर आला होता, असे मी मानतो.

बसचालकांना माझे म्हणणे पटले. परिचारिकेला अजिबात पटले नाही. एक उत्तम गाणे आठ गाण्यांच्या अल्बमला तारू शकत नाही, असे ती म्हणते, आणि या आक्षेपाला माझ्याकडे अजून पुरते उत्तर नाही. येत्या रविवारी आम्ही पुन्हा भेटणार आहोत. तोवर एक कर. वरच्या फळीवरची ती कॅसेट अजून असेल; फीत सैल पडली असेल तर पेन्सिल घालून आधी घट्ट करून घे. 'द क्लॅन्समन' आधी ब्लेझच्या आवाजात ऐक, मग रिओतले ब्रूसच्या आवाजात ऐक, आणि त्यानंतर 'नो प्रेयर' पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता. आबा जवळ असले तर ब्लेझचा गळा कोणत्या पट्टीत बसतो, तेही त्यांना विचार. काय वाटले ते शनिवारपर्यंत फोनवर कळव, म्हणजे रविवारी मला टेबलावर तुझे मत तुझ्याच शब्दांत मांडता येईल.

आईला आणि आबांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
धाकटा