नावं विचारायची राहून गेली

गोव्याच्या नगर नियोजन कायद्यातल्या ३९अ कलमाखालची जमीन रूपांतराची नोटीस राजपत्रात आली, की हरकतीला ३० दिवस. आमचे निम्मे तर नोटीस शोधण्यातच गेले! पणजीतल्या त्या झेरॉक्सच्या दुकानात एका अनोळखी बाईंनी माझ्यासोबत तासभर उभं राहून सर्व्हे नंबर नकाशावर जुळवला, इंग्रजी नोटीस मराठीत समजावली, अर्जाची पोच घ्यायला बजावलं. रांगेतल्या एका काकांनी २००७ची आठवण सांगितली. लोकांच्या रेट्यापुढे सरकारला गोव्यातल्या जमिनींचा २०११पर्यंतचा वापर ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मागे घ्यावा लागला होता. धीर आला. वाड्यावर सह्या गोळा करणाऱ्या पोरांनो, तुम्हालाही देव बरें करूं. आणि बाई, तुमची निळी छत्री माझ्याकडेच राहिलीय. दुकानात ठेवलीय, घेऊन जा.