राजे टाकले, शुभे

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, सकाळ

प्रिय शुभे,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू अर्ध्यात "टाकलेस? राजे टाकलेस?" म्हणून ओरडत सुटशील, आणि मला हा पोकरचा डाव शेवटपर्यंत सांगायचाय. इथे सांगू कुणाला? विनय फक्त एकच विचारतो, किती गेले. दीडशे डॉलर गेले. त्याचं काही नाही गं.

तब्येती ठीक. माझा गुडघा तसाच. काकूंचं मोतीबिंदूचं झालं का, ते कळव.

तर काल अटलांटिक सिटीला गेले होते, बोर्गाटा कसिनोत. एक-तीन डॉलरचं टेबल, नेहमीसारखंच: सगळे हातात दोन बंद पत्ते घेऊन, तीन-तीन डॉलर टाकून फ्लॉप, म्हणजे मधले सगळ्यांचे पहिले तीन पत्ते, बघायला बसलेले. तुझा नियम पाळतेय, जितके जण नुसते लिंप करून, म्हणजे कमीत कमी रक्कम भरून, आत आलेत तितकी रेज, म्हणजे वाढीव बोली, मोठी करायची. इथे बारा-पंधराने कुणी हलत नाही, चार जण मागे येतात आणि मग राजे-राण्या घेऊन चौघांशी भांडत बसावं लागतं. संध्याकाळी एकदा तसं झालंही. हातात राजे आणि फ्लॉपला एक्का. राजे हातात असताना फ्लॉपवर एक्का यायची शक्यता साडेबावीस टक्के, म्हणजे अंगावर काटा यावा असं त्यात काही नाही, पण येतोच. मी फ्लॉपला चेक केलं, काहीच लावलं नाही; टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, लहान बेट लावली, समोरच्याने दश्श्यांच्या जोडीवर कॉल केला, तेवढेच भरले, आणि पॉट, म्हणजे मधले सगळे पैसे, मला आला. ते सोड.

खरा डाव रात्री नऊनंतरचा. बिग ब्लाइंडला, म्हणजे पत्ते बघण्याआधीच तीन डॉलर भरायच्या जागी, एक आजोबा. बेसबॉलची टोपी, कॉफीचा कप, कुणाशी बोलणं नाही. मी तीन तास त्यांच्या शेजारच्या शेजारी बसले होते आणि तुला माहितीये मी कशी बघते. त्या तीन तासांत त्यांनी दोनदा रेज केली. एकदा एक्के निघाले, एकदा एक्क्याचा फ्लश, एकाच रंगाचे पाच पत्ते. आणि हे नीट वाच: तो फ्लश होईपर्यंत, फ्लॉपला आणि टर्नला, ते नुसते कॉल करत होते. एक्का-राजाला वरची जोडी लागली तेव्हासुद्धा रिव्हरपर्यंत, पाचव्या, शेवटच्या पत्त्यापर्यंत, कॉल, कॉल, कॉल.

मी बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलायच्या जागी; हातात इस्पिक आणि बदामचा राजा. पुढे दोन लिंप. वीस केले. आजोबा आले, एक लिंपवाला आला. पॉट चौसष्ट. फ्लॉप: बदामची अठ्ठी, इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री. दोघांचं चेक, माझे चाळीस, आजोबांचा कॉल, तिसरा गेला. टर्नला किलवरची तिर्री. चारही रंग पडले, फ्लशचा प्रश्नच मिटला. आजोबांचं चेक. मी नव्वद लावले. का, ते तू विचारू नकोस; एक्का-अठ्ठी, नव्व्या, दश्श्या, गुलाम, सगळे कॉल करतात तिथे.

आजोबांनी कप बाजूला ठेवला आणि सगळे तीनशे चाळीस पुढे सरकवले.

मला अडीचशे द्यायचे होते, पॉटमध्ये पाचशे चौऱ्याहत्तर. म्हणजे साधारण तीस टक्के वेळा जिंकले तरी पुरे. एवढं मी टेबलावरच मोजलं. मग त्या फ्लशकडे मन गेलं, त्या कॉल-कॉल-कॉलकडे गेलं, आणि मी राजे टाकले, फोल्ड केला. त्यांनी पत्ते दाखवले नाहीत. डीलरकडे उलटेच सरकवले, चिप्स रचल्या, पुन्हा कॉफी.

पुढचं सगळं पार्कवेवर, गाडी चालवताना झालं. तेच तुला सांगायचंय.

आजोबांकडे काय असू शकतं? मला हरवणारे हात आधी. अठ्ठ्या, सत्त्या, दुर्र्या: प्रत्येकी तीन प्रकारे, असे सेट, म्हणजे हातातल्या जोडीला मधला तिसरा, नऊ. अठ्ठी-सत्ती एका रंगाची, दोन प्रकारे. अकरा झाले. (तिर्र्या मी धरत नाही, तिर्र्यांवर ते फ्लॉपला चाळीस देणार नाहीत.) समोर ड्रॉ, म्हणजे एक पत्ता आला तरच पुरे होणारे हात, इथे ओळीने पाच: दश्शी-नव्वी एका रंगाची चार, छक्की-पंजी एका रंगाची चार, मिळून आठ. ड्रॉ असला तर माझी बाजू ब्याऐंशी टक्के. सेट असला तर राजाचे दोन पत्ते उरलेत, साडेचार टक्के. दोन जोड्या असल्या तर थोडं बरं, कारण दुर्री किंवा तिर्री पुन्हा आली की माझ्याही दोन जोड्या होतात, आणि राजांची जोडी वरचढ ठरते. हे सगळं मांडलं की उत्तर एका जागी येऊन थांबतं: त्या आठ ड्रॉंपैकी किमान पाच ते असे ढकलणार असतील तर कॉल, नाहीतर फोल्ड.

आता तू म्हणशील, पाच काय, आठही ढकलतात लोक. तू जिथे शिकलीस तिथे ढकलायचे. तुझ्या त्या दोन-पाच रुपयांच्या ऑनलाइन टेबलांवर रात्री बारा वाजता कॉलेजची पोरं होती, त्यांना अर्धा ड्रॉ दिसला की सगळं पुढे. तिथे राजे टाकणं म्हणजे पैसे वाटणं, हे तुझं म्हणणं मी तेव्हाही मान्य केलं होतं. पण या आजोबांनी फ्लशचा ड्रॉ घेऊन दोन फेऱ्या नुसता कॉल केला होता, माझ्या डोळ्यांसमोर. लहान टेबलांवर गप्प माणसाने टर्नला रेज केली की एका जोडीचा विचार नव्याने करायचा, हे बलूगाचं प्रमेय तूच मला शिकवलंस, आणि तूच कधी पाळत नाहीस.

पणजीचं पुन्हा काढू नकोस. मांडवीतल्या त्या कसिनोच्या बोटीवर तू राण्यांवर कॉल केलास आणि जिंकलीस, हे मी दर दिवाळीला ऐकते. तो कॉल बरोबरच होता, शुभे. त्या गॉगलवाल्या मुलाला तासाभरात तीनदा ब्लफ करताना तू पाहिलं होतंस. जे बघून तू कॉल केलास तेच बघून मी फोल्ड केला. माणूस वेगळा होता.

मग मला झोप का आली नाही? कारण आठ आणि अकराचा हिशेब गाडीतला आहे. टेबलावर माझ्याजवळ फक्त तीस टक्के आणि एक फ्लश होता. अडीचशेच्या जागी पंचवीस डॉलर असते, सगळं दहापटीने लहान असतं, तरी मी टाकले असते का? माणूस ओळखून टाकले की रक्कम बघून? जिंकल्या-हरल्याने याचं उत्तर मिळत नाही, आजोबांनी पत्ते दाखवले असते तरी मिळालं नसतं. आणि हे ठरल्याशिवाय मला पुढच्या शनिवारी बसायचं नाही. कारण भीतीने टाकलेले असतील तर पुढचा गप्प माणूस कोण हे न बघताच मी टाकत जाईन, आणि त्या टेबलावर प्रत्येक पॉटमधून कसिनो आपला वाटा काढतच असतो, तेवढी ढील परवडत नाही.

हे तूच सांगू शकतेस. हॉस्टेलच्या खोलीत बदाम सात खेळताना तू छक्की दाबून बसायचीस आणि माझा चेहरा वाचायचीस. मी घाबरून पत्ता टाकते तेव्हा कशी टाकते ते तुला ठाऊक आहे. (ती शेवटची छक्की तुझ्याकडेच होती. वीस वर्षं झाली, आता कबूल कर.)

तुझी पोकरची साइट ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने गेली त्याचं मला खरंच वाईट वाटतं. रात्रीचा तुझा तेवढाच एक तास होता. सुधीरभाऊ म्हणतात बरं झालं, त्यांना म्हणू दे. नव्या घराला रंग कुठला काढलास? ओजसची बारावी ना यंदा? त्याला क्रमचय-संचय या डावावरून शिकव, पटकन डोक्यात जाईल.

मोजून कळव, कारणासकट. एका रंगाची नव्वी-छक्की मी धरलेली नाही, आजोबा त्यावर आणखी सतरा डॉलर देणार नाहीत असं माझं ठाम मत आहे. तुझं वेगळं असेल तर चार ड्रॉ वाढतील, मग बारापैकी पाच लागतील, आणि आपल्याला पुन्हा भांडावं लागेल.

तुझी,
नंदा