झाकण उघडणारा तिऱ्हाईत नसतो

संपादक महोदय,

सोसायटीच्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या टाकीत, उतरलेले मजूर गुदमरून गेले की कमिटीचे उत्तर ठरलेले असते : ‘काम ठेकेदाराला दिले होते. आम्ही थोडेच कुणाला ढकलले?’ यात तथ्य नाही असे नाही. जीव घेणे आणि जीव जाऊ देणे यांत फरक आहेच. उघडी टाकी पाहूनही पुढे निघून जाणाऱ्याला आपण निष्ठुर म्हणू, खुनी म्हणणार नाही.

पण हा फरक कोणाच्या कामी येतो? मेकॉलेच्या १८३७ च्या भारतीय दंडसंहितेच्या मसुद्यावरील टिपणात एक दाखला आहे. नदी पार करण्याजोगी नाही हे ठाऊक असून एकजण वाटसरूला सांगत नाही आणि वाटसरू बुडतो. गप्प राहिलेला तिऱ्हाईत असेल तर तो खून नव्हे. वाटसरूंना सावध करायला नेमलेला शिपाई किंवा ठरवून घेतलेला वाटाड्या असेल, तर खून. मौन तेच, पण पत्करलेले काम वेगळे. हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे कलम ७ तर गटार किंवा मलटाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ कामाला लावण्यासच मनाई करते. ठेकेदाराची आड तिथेच संपते.

आत काय घडते तेही कमिट्यांनी समजून घ्यावे. पहिल्या टाकीतला पंप चिंध्या, सॅनिटरी पॅड, वाइप्स यांनी अडकतो आणि तो मोकळा करायला माणूस उतरतो. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड. सडक्या अंड्यांचा वास ही त्याची खूण, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास काही मिनिटांत नाक बधिर होते आणि ‘वास गेला’ असे समजून माणूस आणखी खाली जातो. ७०० ते १००० पीपीएमला काही श्वासांतच शुद्ध हरपते. झाकणाशी वायू मोजणारा मीटर धरून भागत नाही, कारण वायू गाळात कोंडलेला असतो. फावडे लागले की उसळतो. म्हणून मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचे, मग तो उतरणाऱ्याच्या छातीशी चालूच ठेवायचा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर गेला की बाहेर. फडके बांधणे निव्वळ समजूत. डब्याचा मास्कसुद्धा हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही. त्यासाठी बाहेरून नळीने हवा पुरवणारा मास्कच लागतो. आत ताजी हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा पाइप तळापर्यंत गेला नाही, तर वरचीच हवा वर फिरते.

पहिला कोसळला की दुसरा धावत उतरतो आणि तोही जातो. वर उभ्या सहकाऱ्याने उतरायचे नाही, हाच नियम आहे, आणि न उतरल्याबद्दल त्याला बोल लावणे अन्याय. मात्र वर ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच (दोर गुंडाळणारे यंत्र), उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस (दोर अडकवायचे पट्टे) असेल, तर तोच सहकारी त्याला वरूनच ओढून काढू शकतो. एरवी त्या क्षणी तो हतबल ठरतो, कारण कोटेशन मंजूर करताना ही सामग्री कुणी मागितलीच नव्हती.

मुळात बहुतेक वेळा उतरायची गरजच नसते. पंप गाइड रेलवर (वर-खाली सरकवण्याच्या उभ्या दांड्यांवर) बसवला आणि त्याला साखळी लावली, तर तो वरूनच उचलून साफ करता येतो. पंपाच्या आधीची जाळी वरून दाताळ्याने ओढता येते. गाळासाठी तो शोषून घेणारा व्हॅक्यूम टँकर आणि दाबाने पाणी मारणारे जेटिंग मशीन ठाण्यात भाड्याने मिळते. घोडबंदर रोडवरच्या संकुलांत लॉबीला इटालियन मार्बल लागतो, मग गाइड रेलचा खर्च ‘पुढच्या वर्षी बघू’ का होतो?

कमिट्यांनी पुढचे कोटेशन उघडून पाहावे. त्यात ‘एसटीपी क्लीनिंग’ एवढीच एक ओळ आणि एक रक्कम असेल, तर टँकर, मीटर, ब्लोअर आणि ट्रायपॉड स्वतंत्र लिहून आणायला ते परत पाठवावे.

– एसटीपी देखभालीच्या कामातील काही वाचक, मानपाडा, ठाणे (प.)