खुले पत्र : मंत्रिमहोदय, हा अर्ज एकदा तुम्हीच मोबाईलवर भरून बघा

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या आईच्या बटणांच्या फोनवर आपल्या खात्याचा मेसेज आला. पडताळणी मुदतीत पूर्ण न झाल्यामुळे अनुदान थांबवण्यात येत आहे. मेसेज इंग्रजीत होता, म्हणून तिने तो शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला आणि मला फोन केला. "अगं, आपण तर सगळं केलं होतं ना?" एवढंच विचारलं तिने.

या पडताळणीचं पोर्टल सुरू झालं तेव्हा आपण व्यासपीठावरून सांगितलं होतं की आता लाभार्थ्याला कुठे जायची गरज नाही, घरबसल्या मोबाईलवर पडताळणी होईल. तो व्हिडिओ आमच्या गावच्या ग्रुपवर आला होता. आईने तो मला परत लावायला सांगितला. तिचा आपल्या शब्दावर विश्वास बसला, म्हणून हे पत्रही आपल्यालाच लिहिते आहे. योजनेचं नाव मात्र लिहीत नाही. या नावाच्या जागी दुसऱ्या कुठल्याही योजनेचं नाव घातलं तरी पत्रातला मजकूर बदलावा लागणार नाही.

मी पाटण तालुक्यातली. कराडला राहते आणि मोबाईलवर चालणारी वेब ॲप्लिकेशन्स बनवते. दूध संकलन केंद्रं, कृषी सेवा केंद्रं, छोट्या पतसंस्था हे माझे ग्राहक. त्यामुळे आपल्या पोर्टलवर काय चुकलंय हे मला नुसतं सोसावं लागलं नाही, ते नेमकं कुठे चुकलंय तेही दिसलं. त्याचाच जास्त त्रास झाला.

काय झालं ते सांगते. आईचा आधारला जोडलेला नंबर बटणांच्या फोनमध्ये आहे. पोर्टल त्या फोनवर उघडत नाही, म्हणून मी माझा स्मार्टफोन घेऊन गावी गेले. घरात रेंज नाही. ज्या कोयना खोऱ्यातल्या पाण्यावर 1960 मेगावॉटचा वीज प्रकल्प उभा आहे, त्या खोऱ्यात फोन लागायला टेकाडावरच्या देवळापाशी जावं लागतं. आईचे गुडघे गेलेत. मग तिचा फोन घेऊन मीच वर गेले. पान उघडलं ते मोठ्या कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी बनवलेलं. अक्षरं मुंगीएवढी. बोटांनी मोठं करावं तर उजवीकडची रकान्यांची अर्धी रांग पडद्याबाहेर. "पुढे जा" आणि "रद्द करा" ही दोन बटणं एकमेकांना चिकटलेली. जन्मतारीख लिहायची सोय नाही, कॅलेंडर उघडतं, आणि ते एकेक महिना मागे नेत 1958 सालापर्यंत न्यायचं. त्याखाली वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरांचा कॅप्चा. उन्हात तो मलाच वाचता येईना, ज्याला इंग्रजी येत नाही त्याने काय करायचं?

आधारचा ओटीपी 10 मिनिटं चालतो. आमच्याकडे मेसेज उशिरा येतो. आला तोवर आपल्या पोर्टलने "सत्र समाप्त" असं सांगून भरलेलं सगळं पुसून टाकलं होतं. नाव, पत्ता, खातं क्रमांक, सगळं. पुन्हा भरलं. या वेळी पासबुकाचा फोटो 200 केबीपेक्षा मोठा आहे म्हणून अडलं आणि पान पुन्हा कोरं. मंत्रिमहोदय, एखाद्या कारकुनाने खिडकीतून अर्ज घेतला, एक खाडाखोड दिसली म्हणून टराटरा फाडला आणि तुकडे बाहेर फेकले, तर आपण त्याला निलंबित कराल. पोर्टल हेच रोज करतं आणि त्याच्या उद्घाटनाला आपण फीत कापता.

फोटोचंच घ्या. आजचा कुठलाही स्वस्त फोन फोटो काढतो तो दोन-चार एमबीचा. 200 केबीची अट टाकणाऱ्याला हे माहीत नाही? फोटो पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच लहान करून घेता येतो, माणसाला काही करावं लागत नाही, आणि हे तंत्र दहा वर्षांहून जुनं आहे. माझ्या दूध केंद्राच्या ॲप्लिकेशनमध्ये ते आहे. ओटीपीच्या रकान्यावर बोट ठेवलं की आकड्यांचाच कीबोर्ड उघडावा, त्याला कोडमध्ये एक शब्द लागतो. भरलेली माहिती फोनमध्येच जपून ठेवावी, रेंज आली की पुढे पाठवावी, हेही अवघड नाही. चूक झाली तर चुकलेला रकाना तेवढा दाखवावा आणि बाकी सगळं जागेवर राहू द्यावं. यात कुठलंच संशोधन नाही. फक्त आखणी करताना समोर माणूस असावा लागतो, आणि तुमच्याकडे समोर माणूस नव्हता.

माणूस नव्हता हे मी रागाने म्हणत नाही, पोर्टलच सांगतं. ओटीपी जमला नाही तर चेहरा दाखवा, असा दुसरा पर्याय आहे. त्यासाठी वेगळं ॲप घ्यावं लागतं, म्हणजे पुन्हा जास्तीचं नेट. शेवटी कशीबशी आईला रिक्षाने वर नेली. डोळ्यांची उघडझाप करा, अशी सूचना आली. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उन्हात तो डोळा मिटलेलाच राहतो. ती बिचारी उघडझाप करत राहिली, फोन नाही म्हणत राहिला. देवळात आलेली माणसं बघत होती. माझी आई त्या दिवशी लाजली. स्वतःचा चेहरा स्वतःचा आहे हे पटवता आलं नाही म्हणून लाजली. हे मी विसरणार नाही.

आणि याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगून झालेलं आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्यांना डोळ्यांची उघडझाप करता येत नव्हती, त्यांच्या याचिकेवर 30 एप्रिल 2025 रोजी निकाल लागला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याची पद्धत, सर्वांना जमेल अशी करण्यासाठी 20 निर्देश दिले. तो निकाल तुमच्या खात्यात कुणी वाचला का?

नियम नाहीत असंही नाही. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली आणि त्यात मोबाईल ॲप्सचाही समावेश आहे. संकेतस्थळ अपंग, वृद्ध अशा सगळ्यांना वापरता यावं यासाठी जगभर मानले जाणारे सुगमतेचे निकष सांगतात की बोटाने दाबायची जागा निदान 24 पिक्सेलची असावी किंवा शेजारच्या बटणापासून पुरेशी लांब असावी. वेळ संपण्यापूर्वी माणसाला सूचना मिळावी आणि एका साध्या कृतीने ती वेळ वाढवता यावी. एकदा दिलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा मागू नये. आपल्या पोर्टलवर आधार क्रमांक वेगवेगळ्या पानांवर पुन्हा पुन्हा मागतात.

शेवटचं पान तर वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "अर्जाची प्रिंट काढा, सही करा, स्कॅन करून अपलोड करा." घरबसल्या, मोबाईलवर! आमच्या गावात प्रिंटर कुठे आहे साहेब? तालुक्याला. म्हणजे एसटी, म्हणजे दिवस गेला, म्हणजे सेतूवाला. तो तरी काय करणार, त्याच्याकडेही "सर्व्हर डाऊन". पण तो पैसे घेऊन रात्री बारानंतर, साइट मोकळी असताना, अर्ज भरून देतो. गावोगाव हेच चाललंय. मोबाईलवर जे जमायला हवं होतं ते जमत नाही म्हणून गरीब माणूस खिशातले पैसे घालतो, आणि तुमच्या अहवालात मात्र तो अर्ज "ऑनलाइन प्राप्त" म्हणून मोजला जातो.

आमचा तेही करून पूर्ण झाला नाही. आधारवर आईच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, पासबुकावर दुसरं. दोन्ही सरकारी माणसांनीच टाइप केलेली. एका अक्षराच्या फरकाने पोर्टल म्हणतं, नाव जुळत नाही. मराठी नावं इंग्रजीत दहा प्रकारे लिहिली जातात हे शाळेतल्या मुलाला कळतं. महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आपण फटाके वाजवले. आणि महाराष्ट्रातल्या म्हातारीचं अनुदान इंग्रजी स्पेलिंगवर अडतं. कार्यालयात चौकशीला गेले तर समोरचे म्हणाले, "वेळेत का नाही केलं?" मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या स्क्रीनवर "अपूर्ण" एवढंच दिसतं. टेकाड दिसत नाही.

आता मोठ्या भांडणाकडे येते. माझ्यासारख्या गावातून आलेल्या मुलीला जे सुचतं ते एवढ्या मोठ्या कंपन्यांना का सुचत नाही? सुचतं. पण तुमचं टेंडर ते मागत नाही. जो सर्वांत कमी दर भरेल त्याला काम. सुरक्षेचं ऑडिट हवं, त्याचं प्रमाणपत्र हवं, आणि ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण साठीच्या बाईने सहा हजारांच्या फोनवर, अर्ध्या रेंजमध्ये, कुणाच्या मदतीशिवाय अर्ज पूर्ण केला याचं प्रमाणपत्र कुणी मागतं का? पैसे पोर्टल सुपूर्द केल्यावर मिळतात, लोकांचे अर्ज पूर्ण झाल्यावर नाही. मग कंपनी मंत्रालयातल्या मोठ्या स्क्रीनवर सुंदर दिसेल असं पोर्टल बनवते, कारण बिल मंजूर करणारे त्या स्क्रीनसमोर बसलेले असतात.

कायद्याचंही तेच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. मुदतीत सेवा दिली नाही तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. चांगला कायदा आहे. पण मुदत मोजायला सुरुवात होते अर्ज दाखल झाल्यापासून. अर्ज दाखलच होऊ दिला नाही तर? पोच नाही, क्रमांक नाही, मुदत नाही, अपील नाही, दंड नाही. पूर्वी कागद घेतला नाही तर खिडकीवर भांडता तरी यायचं. आता खिडकीच नाही. जबाबदारी सगळी लाभार्थ्याची.

आणि हे त्या राज्यात, जिथे नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातल्या आधारची सुरुवात झाली. आदिवासी पाड्यावर जाऊन, माणसांसमोर बसून तुम्ही बोटांचे ठसे घेतलेत. नंबर द्यायला सरकार पाड्यापर्यंत येऊ शकतं. मग त्याच नंबरवर हक्काचे पैसे द्यायची वेळ आली की माणसाने टेकडी का चढायची?

ब्रिटनमध्ये 2014 मध्ये सरकारी डिजिटल सेवांसाठी 26 कलमांचं मानक लागू झालं. त्यातलं शेवटचं कलम असं होतं की सेवा सुरू करण्यापूर्वी संबंधित मंत्र्याने ती स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरून पाहावी. पुढे 2019 मध्ये ते मानक बदललं, कलमं 14 झाली, ते कलम राहिलं नाही. पण ज्यांनी ते लिहिलं त्यांना दुखणं कळलं होतं. म्हणून माझी पहिली मागणी तीच आहे. तुमचा अर्ज तुम्ही भरा. तुमच्या फोनवर नाही, तुमच्या स्वीय सहायकाकडून नाही. आमच्या देवळापाशी उभं राहून, बाजारात सर्वांत स्वस्त मिळतो त्या फोनवर, सर्वांसमोर. तुमच्याबरोबर खात्याचे सचिव आणि कंपनीचे लोकही असू देत.

दुसरी मागणी, ज्यांची पडताळणी "अपूर्ण" आहे त्यांचं अनुदान आजपासून पुन्हा सुरू करा आणि पडताळणी ग्रामपंचायतीत, माणसासमोर माणूस बसवून करा. तिसरी, किती लोकांनी अर्ज सुरू केला आणि किती लोक कुठल्या पानावर अडून बाहेर पडले हे आकडे दर महिन्याला जाहीर करा. हे आकडे कुठल्याही वेब ॲप्लिकेशनमध्ये नोंदवता येतात. नोंदवत नसाल तर का नाही ते सांगा, आणि नोंदवत असाल तर इतके दिवस ते बघून गप्प का बसलात तेही सांगा.

आम्ही दूध केंद्राचं काम घेतलं तेव्हा आधी पहाटे केंद्रावर जाऊन थांबलो. ओल्या हातांनी फोन कसा धरतात, चष्मा नसताना काय वाचता येतं, वीज गेली की काय करतात, ते बघितलं आणि मग पडद्यावरची बटणं आखली. त्या केंद्रावरची माणसं आज कुणाला न विचारता नोंद करतात. त्या कामाचा सगळा खर्च तुमच्या पोर्टलच्या उद्घाटनाच्या मांडवाइतकाही नसेल. पैसा कमी पडत नाही साहेब. त्या माणसांकडे बघायला कुणाला पाठवलं जात नाही.

आईला महिन्याला मिळणारे दीड हजार तुमच्या हिशोबात काहीच नसतील. तिच्या बीपीच्या गोळ्या, गुडघ्याचं औषध आणि सिलेंडर त्यातून येतो. मी पैसे देते, ती घेत नाही. ते पैसे तिचे स्वतःचे होते, म्हणून ती ते ताठ मानेने खर्च करायची.

उत्तर पाठवणार असाल तर कागदावर, पोस्टाने, मराठीत पाठवा. "पोर्टलवर तक्रार नोंदवा" असं कृपया लिहू नका. तक्रारीच्या पानावरही आधी आधारचा ओटीपी लागतो, तो आल्याशिवाय तक्रारीचा रकाना उघडतच नाही.

कळावे,
पाटण तालुक्यातली एक नागरिक
जिल्हा सातारा