आईचे कान ठीकच होते

पुणे, रविवार रात्र

ती. आई आणि अप्पा,
शि. सा. नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. पण अप्पा 'बरं बरं' म्हणत फोन आईकडे देतात आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं.

आधी आईची माफी. मागच्या दिवाळीत तू म्हणालीस, 'हे काय बोलतात ते मला ऐकूच येत नाही,' आणि आम्ही तुलाच जळगावला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. तरी आजवर तुला चिडवतोच आहोत. आई, तुझे कान ठीकच होते. अप्पांचा आवाज खाली गेलाय.

अप्पा, रागावू नका. तुम्हाला ते कळलं नाही यात तुमचा दोष नाही. काही आजारांत माणसाला स्वतःचा आवाज नेहमीसारखाच वाटतो, आणि समोरचाच बहिरा झाला असं वाटतं.

आता माझं खोटं. उन्हाळ्यात ओवीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी म्हणून मी तुम्हाला एका दमात 'आऽऽ' म्हणायला लावलं, ते प्रोजेक्ट नव्हतंच. तुम्ही हौसेनं तीनदा म्हणालात, ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं. विहिरीवरची मोटर बंद पडायच्या आधी तिचा सूर बदलतो, हे तुम्हीच शिकवलंत ना? बेअरिंग गेलं की घरात जेवता जेवता ओळखायचात. आवाजाचंही तसंच. पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात. स्नायू ताठरले की ते नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, थरथर मागेपुढे होते. कानाला ते पुरतं कळत नाही, कॉम्प्युटर मोजतो. 31 माणसांच्या 195 रेकॉर्डिंगांची माहिती अभ्यासासाठी खुली आहे. त्यातल्या 23 जणांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात, होता. मी तुमचा 'आऽऽ' त्यांच्याशी ताडून पाहिला.

लिहिला बाई एकदाचा तो शब्द.

पण कॉम्प्युटर म्हणाला म्हणून मी घाबरले नाही. 31 माणसं म्हणजे काहीच नाही, फोनचा माइक साधा, आणि सत्तरीत आवाज तसाही कापतो. मी घाबरले ती केळीच्या हिशोबाची वही बघून. पानाच्या सुरुवातीचं अक्षर तुमचं, शेवटचं मुंगीएवढं. आणि त्या दिवशी डाळ करपली तर तुम्ही शेजारीच बसलेले, वासच आला नाही. या आजारात असं होतं, पण हे सगळं वयामुळेही असेल. असलं तर मी पेढे वाटीन.

म्हणून तिकिटं काढली. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर 'केळीच्या कांदेबागाचं काम उरकू दे' म्हणाला असतात. महाराष्ट्र एक्स्प्रेस, जळगावहून, दोन्ही खालचे बर्थ. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. डॉक्टरबाई सुया टोचत नाहीत, बोटं उघडमीट करायला लावतात, हात हलवून बघतात, चालायला लावतात. 1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सननं सहा माणसांवरून हा आजार लिहिला, त्यातली काही तर त्यानं रस्त्यात चालताना पाहिलेली. अजूनही डॉक्टरांचे डोळेच मोठे. आवाजाचं यंत्र नुसतं 'लवकर जा' म्हणतं. आणि असलाच आजार, तरी गोळ्या आहेत, मोठ्यानं बोलायचे व्यायाम आहेत.

इथे त्रास होणार नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी लावली, लिफ्ट आहे, सकाळचं ऊन गॅलरीत येतं. आई, कळण्याचं ज्वारी-उडदाचं पीठ तेवढं आण, इथलं मला जमत नाही. परतीचं तिकीटही काढलंय, श्रावणात कानबाईचे रोट असतात, त्याआधी तुम्ही घरी असाल.

अप्पा, मी नदीकाठी खेळायचे आणि तुम्ही बांधावरून 'बबीऽऽ' अशी हाक मारायचात. तीन शेतं ओलांडून यायची ती. मी मुद्दाम दुसऱ्या हाकेला ओ द्यायचे, पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून.

आता ऐका. बीपीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. जुनी औषधं, चिठ्ठ्या सगळं एका पिशवीत. आणि सातपुड्यातून कुणी खाजकुहिलीची पूड आणून दिली तर घ्यायची नाही. तिच्यात या आजारावरचंच लेव्होडोपा असतं हे खरं, पण किती जातंय ते कळत नाही, आणि डॉक्टरांचा अंदाज चुकेल. मोटरसायकल तोवर दादाकडे द्या. पायरीवर आईचा हात धरा, लाजू नका.

आई, 'जेवनी का वं?' विचारायला रोज फोन करतेस, तसाच कर. फक्त आता फोन आधी अप्पांकडे दे.

हे पत्र तू वाचून दाखवू नकोस. अप्पांनाच घरातून वाचू दे आणि तू ओट्यावर बस. कुठपर्यंत ऐकू आलं ते मला सांग.

तुमची,
बबी