‘तपासलं, ठीक आढळलं’: पाच जॉब कार्डांनंतरची तक्रार

दिनांक: १५ जानेवारी २०२६

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
भारतातील मुख्य कार्यालय.

विषय: वॉरंटीतल्या गाडीतले आवाज पाच वेळा गाडी देऊनही न गेल्याबाबत, आणि ‘बारा महिने उलटले’ हे कारण मला मान्य नसल्याबाबत.

महोदय / महोदया,

२ नोव्हेंबर २०२४ रोजी, दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर, मी आपल्या पुण्यातल्या अधिकृत विक्रेत्याकडून पेट्रोल एसयूव्ही घेतली. एक्स-शोरूम ७२ लाख. त्यातले २४ लाख जीएसटी आणि सेसचे, वर आरटीओचे १३ टक्क्यांनी ९ लाख ३६ हजार, विमा वेगळा. (पुढच्या सप्टेंबरात कर ४० टक्क्यांवर आला आणि तीच गाडी जवळपास पाच लाखांनी उतरली. त्याबद्दल तक्रार नाही, ते आमचं नशीब.) वॉरंटी तीन वर्षांची, म्हणजे अजून पावणेदोन वर्षं शिल्लक आहे. गाडी आज २१,४०० किलोमीटर चालली आहे, अपघात नाही, बाहेरच्या गॅरेजमध्ये एकदाही हात लागलेला नाही.

आधी माझ्याविषयी दोन वाक्यं सांगतो, कारण ती पुढे लागणार आहेत. शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येणारं कास्टिंग आम्ही मशीनिंग करून वाहन कंपन्यांच्या पुरवठादारांना देतो. सव्वीस वर्षं हेच करतोय. बेअरिंग जायला लागलं की आवाज कुठून येतो ते आमची पोरं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर आणि मूठ कानाला लावून सांगतात. त्यामुळे ‘सर, तुम्हाला तसं वाटत असेल’ हे वाक्य मला फार पटत नाही.

पहिला आवाज डिसेंबर २०२४ चा. सकाळी साडेसहाला ताराबाई पार्कातून निघालो, कावळा नाका, तावडे हॉटेल, आणि पंचगंगेच्या पुलावरच्या जोडांवर गाडी जराशी हलली की डोक्यावर, मधल्या सीटच्या वर, ‘कर्रर्र’. नव्या चपलेसारखा. चपलेची कुरकुर आम्हा कोल्हापूरकरांना आवडते, म्हणून पैसे मोजून करून घेतो. ही मात्र मागितली नव्हती. आई मागे बसली होती. ती म्हणाली, “वर उंदीर शिरलाय काय रं?” ऊन चढलं की आवाज बंद. दुपारी तुम्ही कितीही गाडी फिरवा, चकार शब्द नाही.

९ जानेवारी २०२५ ला गाडी पुण्याला नेली. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशेच्या वर किलोमीटर, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार टोलनाके, आणि सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेला रस्ता. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरना मी स्वच्छ सांगितलं होतं: गाडी रात्रभर उघड्यावर ठेवा, सकाळी सहाला काढा, आवाज येईल. त्यांनी दुपारी तीनला सेंटरमागच्या गुळगुळीत रस्त्यावर चार किलोमीटर फिरवली. जॉब कार्डावर मजकूर: ‘ग्राहकाची तक्रार – आवाज. तपासलं, ठीक आढळलं.’ कुठला आवाज, कुठून, कधी, काही नाही. मी म्हटलं, सगळं लिहा. उत्तर आलं, सिस्टीममध्ये तेवढी जागा नसते. मी पैसे भरले तेव्हा माझं तीन ओळींचं नाव-पत्ता त्याच सिस्टीममध्ये नीट मावलं होतं.

दुसऱ्यांदा मार्चमध्ये गाडी दिली. तीन दिवस ठेवून सनरूफच्या रेल्सना ग्रीस लावलं, दोन ठिकाणी फेल्टची पट्टी चिकटवली. आवाज गेला. अर्थात मार्चमध्ये तो असाही जाणारच होता, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. मी व्हॉट्सअ‍ॅपवर धन्यवाद पाठवले. तो मेसेज आता मला ‘ग्राहक समाधानी’ असल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो.

दुसरा आवाज जूनमध्ये सुरू झाला. हा डाव्या पुढच्या चाकाकडून: स्पीडब्रेकरवर सावकाश चढताना एकदाच ‘टक्’, आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवताना पुन्हा ‘टक्’. जुलैमध्ये दोन्ही स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे जोड) बदलल्या. सुटे भाग यायला वेळ लागला, गाडी नऊ दिवस आत. आवाज तसाच. सप्टेंबरात कंट्रोल आर्मचे बुश (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचे रबरी सांधे) बदलले, सहा दिवस. महिनाभर शांतता, मग पुन्हा ‘टक्’.

इथे एक तांत्रिक प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तर मला लेखी हवं आहे. रबर-बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना, म्हणजे गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असतानाच शेवटचे आवळायचे असतात. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत पकडला जातो, गाडी खाली आली की कायम ताणात राहतो, आणि लवकर फाटतो. सप्टेंबरात हे काम कसं झालं? मी काचेपलीकडून पाहत होतो. गाडी लिफ्टवर होती. माझा गैरसमज असेल तर दूर करा. आणि पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं नुसतं स्टिअरिंग वळवतानाही आवाज येतो, मग स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या जोडीच्या) वरचं माउंट आणि त्यातलं बेअरिंग पाच भेटींत कोणी एकदा तरी उघडून पाहिलं का? जॉब कार्डांवर तसा उल्लेख नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये थंडी पडली आणि छतावरचा उंदीर परत आला. या वेळी मीही जरा तयारी केली. शॉपच्या आवारात सपाट काँक्रीटवर गाडी उभी केली आणि उजवं पुढचं चाक चार इंची लाकडी ठोकळ्यावर चढवलं. एक चाक उचललं गेलं की बॉडीला किंचित पीळ बसतो. लगेच ‘कर्रर्र’. चाक उतरवलं, पुन्हा ‘कर्रर्र’. सकाळी सात वाजता, गाडीच्या डिस्प्लेवर तापमान १५ अंश. दुपारी दोनला तोच ठोकळा, तीच गाडी, आवाज नाही. तीन दिवस ओळीने करून पाहिलं आणि व्हिडिओ काढले. काचेच्या छताची फ्रेम आणि बॉडी यांच्यामध्ये कुठेतरी कोरडं रबर किंवा प्लास्टिक घासतंय आणि उन्हाने ते मऊ झालं की गप्प बसतंय, एवढं तर आमचा हेल्परही सांगेल. नक्की कोणत्या जागी घासतंय हे शोधायला मात्र छत उघडावं लागतं, आणि तो अधिकार आपला.

मी व्हिडिओ दाखवल्यावर छताचं लायनिंग उतरवलं गेलं. गाडी एकोणीस दिवस आत. परत आली तेव्हा ‘कर्रर्र’ निम्मा झाला होता, आणि तिसरा आवाज जन्माला आला होता: ड्रायव्हरच्या डाव्या नव्हे, उजव्या कानाजवळ, सीटबेल्टची उंची बदलायचा सरकता भाग ज्या खांबात आहे त्या खांबाच्या ट्रिममध्ये, हायवेला ८५ ते ९० च्या दरम्यान ‘झर्रर्र’. वेग ९५ ला नेला की बंद. तळहाताने ट्रिम दाबली की बंद. म्हणजे काढताना क्लिप तुटली असणार किंवा नीट बसली नसणार. शिवाय फिकट रंगाच्या लायनिंगवर ग्रीसचा एक अंगठा उमटलेला आहे. तो कोणाचा हे शोधायला मी सांगणार नाही, पण तो पुसून द्यावा.

हिशेब असा: पाच भेटी, गाडी आत ३८ दिवस, नुसतं सर्व्हिसपायी २,३०० किलोमीटर. बदली गाडी एकदाच मिळाली, तीही दोन दिवसांसाठी.

आणि आता, २ जानेवारीला, मला फोनवर सांगण्यात आलं की वॉरंटी पुस्तिकेनुसार ट्रिमचे आवाज हे ‘अ‍ॅडजस्टमेंट’ या सदरात मोडतात आणि ती सोय पहिल्या बारा महिन्यांपुरतीच आहे. इथून पुढे सशुल्क. हे पत्र त्या फोनमुळे लिहितोय, एरवी मी सहाव्यांदा गाडी घेऊन आलोच असतो.

पुस्तिका मीही वाचली आहे. कलम आहे, खरं आहे. पण माझी पहिली तक्रार तिसऱ्या महिन्यातली आहे. बारा महिने उलटले ते माझ्या आळसामुळे उलटले नाहीत, तुम्ही दुपारी तीनला टेस्ट ड्राइव्ह घेतल्यामुळे उलटले. जॉब कार्डावर ‘आवाज’ एवढाच शब्द का लिहिला जातो याचं कोडंही मला त्या फोननंतर उलगडलं: जानेवारी २०२५ चा आवाज आणि नोव्हेंबर २०२५ चा आवाज एकच होता, हे कागदावरून कोणालाच सिद्ध करता येऊ नये. सुदैवाने प्रत्येक भेटीनंतर मी सविस्तर ईमेल पाठवलेला आहे, सकाळची वेळ आणि जागा लिहून. पाचही ईमेल सोबत जोडतोय. आणि चाकाजवळचा ‘टक्’ हा सस्पेन्शनचा प्रश्न आहे, त्याला ‘ट्रिम’ कसं म्हणणार?

आतापर्यंत मिळालेली बाकीची उत्तरंही नोंदवून ठेवतो. ‘आपले रस्ते खराब आहेत.’ आहेत. पण गाडी याच देशात विकली, याच रस्त्यांसाठी. ‘केबिन इतकी शांत आहे की बारीक आवाजही ऐकू येतो.’ यात थोडं तथ्य आहे, मी नाकारत नाही. जाड काचा, इंजिनाचा आवाज आत येत नाही, मग उरलेलं सगळं कानावर येतं. पण ती शांतता हाच तर विकलेला माल आहे. शोरूममध्ये दार लावून मला ती ऐकवली होती. आमचा चौदा वर्षांचा टेम्पो चारी बाजूंनी वाजतो आणि आम्ही एक अक्षर बोलत नाही, कारण त्याने शांततेचे पैसे घेतले नव्हते. तिसरं उत्तर, ‘हे या मॉडेलचं कॅरेक्टरिस्टिक आहे.’ असेल तर ब्रोशरमध्ये छापा.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. आमच्या शॉपमधून गेलेल्या हजार नगांत एक ब्रॅकेट चुकीचा निघाला, तर तुमच्यासारख्या कंपन्यांच्या साखळीतून मला चोवीस तासांत उत्तर द्यावं लागतं: उरलेला माल अडवला का, किती तपासला. मग आठ पायऱ्यांचा एट-डी रिपोर्ट. ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारून मुळापर्यंत जायचं. त्यात ‘ऑपरेटरची चूक’ असं लिहिलं तर रिपोर्ट परत येतो, रूट कॉज म्हणून ते चालत नाही. वर डेबिट नोट येते, म्हणजे बिलातून पैसे कापले जातात, ते वेगळंच. हे बरोबरच आहे, याच शिस्तीने आमचं काम सुधारलं. पण मी कधी ‘तपासलं, ठीक आढळलं’ एवढं लिहून पाठवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पुरवठादारांच्या यादीतून माझं नाव गेलं असतं. ग्राहक म्हणून मी मागतोय ते तेवढंच: एका पानाचा रूट कॉज. आवाज कुठून येतो, का येतो, कोणता भाग बदलला, आणि तो परत येणार नाही हे कसं तपासलं.

म्हणून विनंती अशी की आपल्या कंपनीचा तांत्रिक अभियंता, डीलरचा नव्हे, एका सकाळी कोल्हापूरला पाठवावा. माझ्यासोबत गाडीत बसून तिन्ही आवाज ऐकावेत आणि त्याच जागी लेखी नोंद करून दोघांनी सही करावी. दुरुस्ती फेल्टच्या पट्ट्यांनी न करता सदोष भाग बदलून व्हावी. या तिन्ही तक्रारींना बारा महिन्यांची अट लागू नाही असं लेखी कळवावं आणि गाडी आत राहिलेले ३८ दिवस वॉरंटीत वाढवून द्यावेत. दुरुस्तीच्या काळात बदली गाडी मिळावी.

गाडी परत घ्या किंवा बदलून द्या, असं मी आज म्हणत नाही. वारंवार बिघडणारी नवी गाडी कंपनीला परत घ्यायला लावणारा, अमेरिकेतल्यासारखा ‘लेमन लॉ’ आपल्याकडे नाही, आणि सुटा भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच घेतली आहे, हे माझ्या वकिलांनी मला आधीच सांगून ठेवलंय. पण तो सुटा भाग कोणता हे पाच भेटींत तुम्हाला सांगता आलेलं नाही, ही दुसरी बाजूही त्यांनीच सांगितली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मालातला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन्हींची व्याख्या आहे, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि ५० लाखांच्या वर मोजलेल्या किमतीसाठी दार राज्य आयोगाचं. मी राहतो त्या राज्यातच दाद मागता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ते दार ठोठावीन. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणारच आहे.

अभियंता येणार असतील तर थंडी आहे तोवर, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात यावं. मार्चमध्ये आलात तर तुम्हाला पुन्हा काहीच ऐकू येणार नाही आणि आपण दोघेही जानेवारी २०२७ पर्यंत ताटकळत बसू. आदल्या रात्री मुक्कामाला या, गाडी मी उघड्यावर ठेवतो. सकाळी सहा वाजता निघू, ठोकळा शॉपमध्ये तयार आहे.

आपला,
(सही)
गाडीमालक, कोल्हापूर

सोबत: पाच जॉब कार्डांच्या प्रती, पाच ईमेल, सकाळ-दुपारचे सहा व्हिडिओ, लायनिंगवरच्या अंगठ्याचा फोटो.